पड नव्हे, हळद

हिंगोली जिल्ह्यात चार-पाच दिवस जाऊन येते म्हटल्यावर वाईतल्या माझ्या मैत्रिणींनी विचारलं, "तिथं काय आहे बघायला?" एकीला औंढा नागनाथ आठवला, बाकीच्या दोघींना तेही नाही. मी म्हटलं, "मी परभणीला भेटायला चाललेय." त्यावर तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पासष्टी उलटलेली बाई काहीही बोलली तरी लोक समजुतीने मान डोलावतात, तशा त्यांनी डोलावल्या.

परभणी म्हणजे इथे गाव नव्हे, बाई. तरुणपणी मी पुण्याच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा बाहेरगावी फोन लावायचा तर आमच्याकडे नोंदवावा लागे. आम्ही कानाला हेडफोन लावून भल्यामोठ्या फळ्यासमोर बसायचो, दोरीची पिन नेमक्या भोकात खुपसायचो आणि पलीकडच्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायचो. नाव विचारायची रीत नव्हती. मी 'पुणे', ती 'परभणी'. सात वर्षं आम्ही एकमेकींना लाईन जोडून दिली. तिचं लग्न, माझं लग्न, तिची बाळंतपणं, माझ्या सासूचं आजारपण, सगळं दोन कॉलच्या मधल्या अर्ध्या मिनिटात बोलून झालं. मग थेट फोन लागायला लागले, फळे निघाले, आम्हाला कारकुनी टेबलावर बसवलं आणि परभणी हरवली.

गेल्या वर्षी खात्यातल्या निवृत्तांच्या ग्रुपवरून तिला माझा नंबर मिळाला. फोन उचलला तर पलीकडून, "पुणे? परभणी बोलतेय." मी होते तिथे खुर्चीत बसले. तिचं नाव रझिया, हे मला त्या दिवशी कळलं. ती आता कुरुंद्याला, आपल्या माहेरच्या गावी राहते आणि गावातल्या बायकांना मोबाईल शिकवते. "मोबाईल घरोघरी हाय गं," ती म्हणाली, "पण चालवतो कोण? पुरुष. बाईच्या वाट्याला येतो तो जुना, फुटक्या काचेचा. अन् त्यात ती काय करते, तर उचलते अन् बोलते. बाकी सगळं दुसऱ्याच्या हातून. ये एकदा बघायला."

म्हणून गेले.

सोमवार, वसमत ते कुरुंदा

वसमतच्या स्टेशनवर मी चष्मा पुसत इकडेतिकडे पाहत होते, तर मागून "पुणे" अशी हाक आली. चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते, पण आवाज तोच, एका अक्षराचा फरक नाही. ठेंगणी, गोरी, डोक्यावरून पांढरी ओढणी आणि हातात चार सेलची बॅटरी असावी तसा जाडजूड मोबाईल. तिने मला खालून वरपर्यंत बघून घेतलं.

"आवाजावरून उंच वाटायचीस," ती म्हणाली.

"तू बारीक वाटायचीस," मी म्हटलं. एवढ्यावर चाळीस वर्षांचा हिशेब फिटला आणि आम्ही रिक्षात बसलो. मी तिला आपा म्हणायला लागले. ती मला शेवटपर्यंत पुणेच म्हणत राहिली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद. कर्दळीसारखी रुंद पानं, कमरेला लागतील एवढी, आणि खाली काळीभोर ओली जमीन. भाद्रपदातलं ऊन पडलं की सगळं शिवार न्हाऊन आल्यासारखं दिसतं. मी वाईची, हळद म्हणजे वाई-सांगलीकडची, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. मी तसं बोलूनही गेले. रिक्षावाल्याने मान न वळवता विचारलं, "बाई, इथंच उतरता का कुरुंद्यापर्यंत येता?" आपा इतकी हसली की तिला ठसका लागला.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे डाळी, धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की आमटी तयार. आमच्याकडे आमटी म्हणजे डाळ शिजायला हवी, चिंच-गूळ हवा, तासाभराची खटपट. इथे शेतावरून दमून आलेली बाई दहा मिनिटांत ताटावर बसते. मला ही आमटी फार शहाणी वाटली. पहिल्या घासाला मात्र डोळ्यांतून पाणी आलं, आणि आपाच्या सुनेने दह्याची वाटी पुढे सरकवली.

मंगळवार, आपाची ओसरी

सकाळी सातला नाश्त्याला खिचडी आणि खट्टा. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला किंवा रात्री कंटाळा आला तर. इथे दिवसाची सुरुवातच तिने, आणि सोबत चिंच-तिळाचं आंबट पातळ. दोन वेळा वाढून घेतलं आणि मग ओसरीवर बसायला जड जाऊ लागलं.

आठ वाजता, शेतावर जायच्या आधी, बायका आल्या. दहा-बारा असतील. कोणाच्या कमरेला विळा, कोणाच्या हातात भाकरीचं गाठोडं, आणि प्रत्येकीच्या ब्लाऊजमधून किंवा पिशवीतून निघालेला एकेक मोबाईल. आपाची शिकवायची पद्धत बघून मी तोंडात बोट घातलं. ती हुबेहूब ट्रंक कॉल नोंदवायची पद्धत होती. आपा विचारायची, "कोण बोलतंय?" बाईने आपलं पूर्ण नाव सांगायचं. "कुठं जायचं?" तिने म्हणायचं, पीकपाहणीत, किंवा रेशनच्या पानावर, किंवा लेकीला फोटो पाठवायचाय. "काय काम?" तेही मोठ्याने सांगायचं. सगळं तोंडाने सांगून झालं की मगच काचेला बोट लावायचं. आणि आपा स्वतः? ती दोन्ही हात ओढणीखाली घेऊन बसायची. दुसरीच्या फोनला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. "मी दाबलं तर माझं बोट शिकंल," ती म्हणाली. "तिचं कसं शिकंल?"

त्या आठवड्यात सगळ्यांना एकाच ठिकाणी, पीकपाहणीत, जायचं होतं. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहून, मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची, मग ती सातबाऱ्यावर चढते. बुधवार हा शेवटचा दिवस होता. नोंद झाली नाही, तर कागदावर ते रान पड, म्हणजे न पेरलेलं, दिसण्याची भीती.

चंद्रकला नावाची एक बाई कोपऱ्यात बसली होती. पंचेचाळिशीची, उन्हाने रापलेली, बोटांना हळदीचा कायमचा पिवळा रंग. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन नांदेडला. दोन एकर रान तिच्या नावावर आहे आणि ते ती स्वतः कसते. आपाने तिला म्हटलं, "पुण्याला सांग तुझं काय झालं ते."

"गेल्या साली माझ्या दिरानं भरलं," चंद्रकला म्हणाली. "मारोतीभावजींनी. त्यांचं त्यांनी बराबर भरलं. माझ्या रानावर 'पड' टाकलं. सोयाबीन होतं वो बाई माझं, गुडघ्याच्या वर."

"मग पड काहून टाकलं?" मी तिच्याच बोलीत विचारलं. बायका खुदकन हसल्या.

"घाईत होते म्हणे. पड टाकलं की लवकर सुटतंय. ते बी सोडलं असतं म्या. पण इहीर दोघांत एक हाय ना. हरभऱ्याला पाणी द्यायची येळ आली, तर म्हणले, कागदावर पड हाय, पड रानाला पाणी कशाला पाहिजे? माझी पाळी त्यांनीच वापरली. हरभरा उभ्या उभ्या वाळला." तिने पदर खोचला. "औंदा हळद लावली म्या. हळद म्हणजे नऊ महिने. दिवाळीपसून पाणी न्हाई भेटलं तर काहीच उरत न्हाई. भावकीतले आबा म्हणले, औंदा कागदावर काय येतं ते बघू, मग पाळीचं ठरवू."

आता मला सगळं समजलं. दोन एकर हळदीचा जीव त्या फुटक्या काचेच्या फोनमध्ये अडकला होता.

"फोटो काढला का?" आपाने विचारलं.

"काल काढला. पण अजून पाठवला न्हाई. बराबर हाय का बघा." चंद्रकलाने फोन समोर धरला. आम्ही दोघी वाकलो. फोटोत चिखल होता, थोडं गवत, आणि एका कडेला दोन पिवळी पडलेली पानं.

"हे काय? तुझी हळद कुठंय?" आपा म्हणाली.

शेजारच्या म्हातारीने तिच्या वतीने उत्तर दिलं. उभ्या हळदीचा फोटो काढत नसतात. सव्वा महिन्याच्या आत लेकराचा काढतात का? नजर लागते. कोणी 'किती छान' म्हटलं की पानं करपतात. म्हणून चंद्रकलाने पाणी साचून जिथे काही उगवलं नव्हतं तो कोपरा शोधला आणि नेमका त्याचा फोटो काढला. बाकीच्या बायका माना हलवत होत्या; त्यात काही चूक आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. आणखी दोघींनी लाजत आपापले फोटो दाखवले. एकीने बांधावरचा दगड काढला होता.

मला हसू आवरेना. म्हणजे ज्या बाईला आपलं रान पड नाही हे सिद्ध करायचं, तिने स्वतःच्या हाताने पड रानाचा फोटो काढून ठेवलेला. मी काहीतरी समजावण्याच्या बेतात होते, उघड्या डोळ्यांनी विचार करा वगैरे. आपाने माझ्याकडे असं पाहिलं की मी गिळून टाकलं.

"नजर तर लागतेच," आपा शांतपणे म्हणाली. "पण लेकराला बाहेर न्यायचं तर आपण काय करतो? घरात कोंडतो का?"

"तीट लावतो," म्हातारी म्हणाली.

"मग फोनला लावा की."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हे कोणाला सुचलंच नव्हतं. आपाच्या सुनेने आतून काजळाची डबी आणून दिली.

मंगळवार दुपार, चंद्रकलाचं रान

गावापासून अर्ध्या तासाची वाट, मधे एक ओढा. चंद्रकला पुढे, आपा मधे, मी मागे आणि माझ्या पायात वाईहून आणलेल्या नव्या चपला. हळदीच्या सरीत पाऊल टाकलं तेव्हा जमिनीने उजवी चप्पल ओढून घेतली. दोघींनी कोपरापर्यंत हात घालून शोधली, मिळाली नाही. त्या दिवशी मी अनवाणी परतले आणि पुढचे दिवस आपाच्या सुनेच्या चपलांत काढले.

बांधाच्या आत गेलो आणि मी थबकले. हळद अशी माजली होती की सरी दिसत नव्हती. एकेक पान माझ्या हाताएवढं. आणि माझ्या तोंडून, एवढं सगळं ऐकूनही, निघून गेलं, "अगं, किती छान हळद आलीये."

चंद्रकला जागच्या जागी उभी राहिली. आपाने कपाळावर हात मारला. "पुणे, थुंक." मी डावीकडे थुंकले, उजवीकडे थुंकले, कानाची पाळी धरली. मग चंद्रकलाने माझ्याच डोक्यावरचा एक केस मागून घेतला आणि जमिनीत पुरला. एरवी मी या सगळ्याची टिंगल करते. पण ती दोन एकर हळद पाहिल्यावर माझ्या शब्दाने तिचं काही झालं असतं, तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

तिने डबी उघडून फोनच्या पाठीवर ठसठशीत तीट लावली, आडवा फोन धरला, "कोण बोलतंय, चंद्रकला. कुठं जायचं, रानात. काय काम, हळदीचा फोटो," असं सगळं आपल्याशीच म्हणून झालं आणि फोटो काढला. फोटोत काळा ढग आला. काजळ कॅमेऱ्यावर फासलं गेलं होतं. मग पदराने पुसा, तीट खाली सरकवा, पुन्हा काढा. तिसऱ्या खेपेला हळद आली, हिरवीगार, चौकटभर. पाणी कशाचं, या फोनवरच्या प्रश्नाशी तिचं बोट थांबलं. यादी होती: विहीर, कालवा, पावसाचं. तिने 'विहीर' दाबलं आणि आमच्याकडे पाहिलं. आपाने मान हलवली, पण हात ओढणीखालीच.

रानात रेंज नाही. फोटो फोनमध्ये साठतो, आणि रेंजमध्ये गेल्यावर वर चढवायचा. रेंज गावात एकाच ठिकाणी भरवशाची, शाळेमागच्या लिंबाखाली, म्हणजे कडुलिंबाखाली, तेही पूर्वेकडच्या मुळावर बसलं तर. संध्याकाळी तिथे जत्रा भरली होती. सगळ्या गावाला तेच करायचं होतं, आणि काचेवरचं चाक नुसतं फिरत राहिलं. अंधार पडल्यावर आम्ही उठलो.

बुधवार, लिंबाचं झाड

हा दिवस लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते.

चंद्रकलाच्या रानात निंदणाला, म्हणजे तण काढायला, बायका लागल्या होत्या, म्हणून ती चार वाजता लिंबाखाली आली. आपाकडे कोणी पाहुणे आले होते, ती मागाहून यायची होती. मी आणि चंद्रकला मुळावर बसलो. चाक फिरत होतं. ती शांत बसली होती. मी नव्हते. चाळीस वर्षं फोनच्या खात्यात काढलेली बाई मी. मला वाटलं, हे असं थांबून काय होणार, मागे जाऊन पुन्हा चालू करायला हवं. "दे इकडे जरा," म्हणून मी तिच्या हातातून फोन घेतला. मागे गेले. फोनने काहीतरी विचारलं, मी चष्म्याशिवायच 'होय' दाबलं.

साठवलेली नोंद पुसून टाकायची का, असं त्याने विचारलं होतं.

मी चष्मा लावून पाहिलं तेव्हा जागा रिकामी होती. फोटो नाही, हळद नाही, विहीर नाही. मी चंद्रकलाला सांगितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा मला काही बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने आकाशाकडे पाहिलं, ऊन किती उरलंय त्याचा अंदाज घेतला आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"जाऊन येते," ती म्हणाली. "तुमी बसा. तुमाला चालणं होत न्हाई."

"मी येते."

"तकलीफ होईल वो."

"होऊ दे," मी म्हटलं, आणि सुनेच्या चपलांत तिच्या मागे धावत सुटले. धावत म्हणजे माझ्या मानाने.

ती माझ्यासाठी थांबली नाही, आणि बरोबरच केलं. मी ओढ्यापाशी पोचले तेव्हा ती बांध ओलांडत होती. मी बांधावर पोचले तेव्हा ती हळदीच्या मधोमध उभी होती, छातीएवढ्या पानांत, दोन्ही हातांनी फोन उंच धरून. उन्हं तिरपी आली होती आणि तिला सावलीतून बाहेर पडायला दोनदा जागा बदलावी लागली. मी लांबूनच ऐकत होते. तिने नाव सांगितलं, कुठे जायचं ते सांगितलं, काम सांगितलं. रानाचा गट नंबर निवडला, पीक निवडलं, विहीर निवडली. एकदाही मागे वळून विचारलं नाही. तीट लावायची आठवण तिलाही झाली नाही आणि मलाही नाही. काल जे करायला आम्हा तिघींना पाऊण तास लागला होता, ते तिने एकटीने पाच-सात मिनिटांत संपवलं.

परत येताना मी म्हटलं, "चंद्रकला, मला माफ कर."

"तुमी पुसलं म्हणून मला येतंय का न्हाई ते कळलं," ती म्हणाली. ते माझ्या समाधानासाठी होतं की खरंच तसं वाटत होतं, मला सांगता येणार नाही. मी अजूनही त्यावर विचार करते.

लिंबाखाली आलो तेव्हा दिवे लागले होते. आपा येऊन बसली होती. माझा चेहरा बघून तिने ओळखलं. "हात लावलास ना," एवढंच म्हणाली. आम्ही तिघी मुळावर बसलो. चाक फिरत होतं. चंद्रकलाने फोन मांडीवर ठेवला, हात बाजूला घेतले आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. माझं बोट शिवशिवत होतं. मी ते दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवलं. मग चाक थांबलं आणि हिरवी खूण आली. नोंद झाली. तिने दोन वेळा वाचलं, मग आपासमोर वाचायला धरलं, मग माझ्यासमोर. माझा जीव भांड्यात पडला. आपाने दोन्ही हातांनी तिच्या चेहऱ्यावरून बोटं ओवाळून आपल्या कानशिलांवर मोडली. जवळ बसलेल्या सगळ्यांना तो कडकड आवाज ऐकू गेला.

गुरुवार, आबांचा ओटा

सकाळी भावकीतल्या आबांच्या ओट्यावर चार माणसं जमली. आबा ऐंशीच्या घरातले, फेटा, हातात काठी. चंद्रकलाचा दीर मारोती खाली पायरीवर बसला होता. चाळिशीचा, अंगाने भरलेला. माणूस वाईट वाटला नाही, मला तो आपल्याकडेच सगळं ओढून घ्यायची सवय लागलेला वाटला. चंद्रकला पदर डोक्यावर घेऊन ओट्याच्या कडेला उभी राहिली. आपा आणि मी भिंतीला टेकून बसलो. बोलायचं नाही असं आपाने मला बजावलं होतं, आणि काल जे झालं त्यानंतर मला तोंड उघडायची हिंमतही नव्हती.

"बोल, चंद्रकले," आबा म्हणाले. "औंदा काय हाय कागदावर?"

तिने फोन काढला. ती वडीलधाऱ्यांपुढे कधी मोठ्याने बोललेली नव्हती, हे मला आपाने येताना सांगितलं होतं. पहिल्या दोन शब्दांना आवाज बसला होता, मग तो मोकळा झाला. तिने गट नंबर वाचला, आपलं नाव वाचलं, पुरं, वडिलांचं नव्हे नवऱ्याचं लावून. "क्षेत्र दोन एकर. पीक हळद. पाण्याचं साधन, इहीर. खाली फोटो."

मारोतीने मान वर केली. "इहीर लिहिलंय?"

"इहिरीचंच पाणी हाय ना, भावजी. दुसरं कुठलं हाय आपल्याला?"

"बघू."

तिने फोन त्याच्यासमोर धरला. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. शेजारच्याच रानात तो रोज जातो, ती हळद त्याने शंभरदा पाहिली असणार. पण अशी, सरकारी चौकटीत, वर तिचं नाव आणि खाली विहीर लिहिलेली, ही त्याने पहिल्यांदाच पाहिली.

"कोणी भरून दिलं?" आबांनी विचारलं. त्यांची नजर आपाकडे गेली, मग माझ्याकडे. पुण्या-मुंबईची बाई दिसली की लोकांना वाटतं काम तिनेच केलं असणार. मी खाली मान घातली. मी काय केलं होतं ते मला माहीत होतं.

"कोणी न्हाई," चंद्रकला म्हणाली. "म्या भरलं. एकदा पुसलं गेलं, पुन्हा जाऊन भरलं."

तिने माझं नाव घेतलं नाही. आणि मला भिंतीला टेकून बसल्या बसल्या इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. त्या बाईचा अभिमान, आपाचा अभिमान, आणि खोटं कशाला बोलू, आपण कधीकाळी त्याच धंद्यात होतो याचाही. सात वर्षं मी लोकांना लाईन जोडून दिली, पण त्यांच्या हातात पिन कधी दिली नाही. परभणीने दिली.

मारोतीने फोन परत केला. घसा साफ केला. "दिवाळीपसून सोमवार अन् गुरुवार तुमची पाळी, वैनी," तो म्हणाला. "मोटर म्या चालू करून देत जाईन."

"पाळी घेते," चंद्रकला म्हणाली. "मोटर माझी मी चालू करीन."

आबांनी काठी आपटली, म्हणजे ठरलं. चंद्रकलाने पदर सावरला, पायरी उतरली आणि रानाची वाट धरली. निंदणाच्या बायका कधीच्या बांधावर येऊन तिची वाट बघत होत्या.